पाणी तापेपर्यंत

कोल्हापूर
२२ नोव्हेंबर १९९८

संघर्षास आक्काचा सलाम.

पत्र फाडायच्या आधी एवढी ओळ वाच. हे आईबद्दल आहे, माझ्या देवाबद्दल नाही.

आईच्या अंगावरून वारं गेलं. दिवाळीनंतर खळ्यावर भात पाखडत बसली होती, तिथंच कलंडली. शेजारच्या अंबूबाईंनी सांगावा धाडला आणि मी नि तुझे दाजी मिळेल त्या एसटीने शाहूवाडीला गेलो. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालंय, पण बोललेलं कळतं, आणि बोलायची खोड काही गेलेली नाही. जीपमधून इकडे आणताना दाजींना म्हणाली, "पावणं, त्या डायव्हरला दमानं हाकाय सांगा की. मी काय भाताचं पोतं न्हाय." डॉक्टरांचं म्हणणं असं की जिवाला धोका नाही, पण पुन्हा चालतील अशी आशा धरू नका.

पुढच्या खोलीतलं माझं शिलाई मशीन दाराशी सरकवलं आणि खिडकीखाली तिची खाट टाकली. खाली मेणकापड, वर वाकळ. तिचं सगळं जागेवरच होतं, ते मी काढते. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या दोघींनी नाकाला पदर लावला, तेव्हा त्यांना अशी झापली की आता त्या आईसाठी केळी घेऊन येतात.

तू म्हणशील, लगेच का कळवलं नाहीस. कळवून तू माझ्या दारात आला असतास का? आबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला सगळे वंदना म्हणत होते आणि मी हात न जोडता बाहेर जाऊन उभी राहिले. तेव्हापासून तू माझ्याशी बोलला नाहीस. मी येशूच्या मागे चालायचं ठरवलं होतं आणि त्याच्याशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत, एवढंच मला तेव्हा कळत होतं. तुला ते आबांच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं. हा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते आणि काढलाच.

पण एक सांगते. तुझे दाजी पूर्वी कसे होते ते तू पाहिलं आहेस. पगाराच्या दिवशी उद्यमनगरातल्या गटाराच्या कडेवरून त्यांना उचलून आणायला तूच जायचास. आज तेच पिराजी लेथवरून सुटले की सरळ घरी येतात, हातपाय धुतात आणि सासूला चमच्याने पेज भरवतात. हे कुणी केलं ते तुला पटणार नाही. झालंय, एवढं तरी तू नाकारू शकत नाहीस.

आईची काळजी करू नकोस. तिची सेवा प्रभूने माझ्या पदरात टाकली आहे. रजा मिळेल तेव्हा ये. ती तुझी वाट बघते.

आक्का

ता. क. तिने गावाहून बाबासाहेबांचा फोटो आणला आहे. भिंतीला जागा नाही म्हणून ट्रंकेत ठेवला, स्वच्छ धडप्यात गुंडाळून.


कोल्हापूर
३ जानेवारी १९९९

संघर्षा,

तुझं उत्तर नाही, पण शिवानीने शालूबाईंकडे फोन करून आईची चौकशी केली. शालूबाई आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, मागच्याच गल्लीत राहतात. तुझ्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे. ती बोलत होती तेव्हा तू शेजारी उभा राहून ऐकत होतास ना? लहानपणापासून तुझी हीच रीत. रुसायचं, आणि कान मात्र इकडेच.

आई बरी आहे. नाताळात मी केलेली करंजी डाव्या हाताने खाल्ली आणि सारणात गूळ कमी पडला म्हणाली. मंडळीतल्या बहिणी तिला भेटायला येतात. त्या "सलाम" म्हणतात, आई "जय भीम" म्हणते. शालूबाई एकदा हसत म्हणाल्या, "आई, आता सलाम म्हणायला शिका." तर म्हणाली, "माझं तोंड वाकडं झालंय बाई, त्यात नवं काय बसत न्हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनातून लागलं.

तुला कसं सांगू? ज्याने माझं मोडलेलं घर उभं केलं त्याला माझी आईच ओळखत नाही. तिच्या हातात किती दिवस आहेत कुणाला माहीत. ती गेली तर मला पुन्हा कधीच दिसणार नाही, या भीतीने काजं करता करता माझा हात थांबतो. तू हसशील. हस. माझा तसा विश्वास आहे आणि तिच्यावर माया आहे, म्हणून तर भीती वाटते.

म्हणून रोज सकाळी तिच्या खाटेपाशी बसून पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्याने वाचते. परसात बंब पेटवलेला असतो. पाणी तापेपर्यंत वाचन, मग प्रार्थना, मग तिला धुऊन-पुसून घेते. सकाळला एक शिस्त लागली आहे. आधी ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आता करत नाही. आमचे पास्टर अमोलिक म्हणतात, "घाई करू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या." पास्टर भला माणूस आहे, कुणाच्याही आजारपणाला सायकल मारत जातो. पण त्यांची आई जन्मापासून विश्वासात. त्यांना कशाला घाई असेल?

थंडी आहे. तिला तुझा जुना स्वेटर घातला आहे, तोच तिला हवा असतो.

आक्का


कोल्हापूर
२१ फेब्रुवारी १९९९

संघर्षा,

प्रभूची स्तुती असो! आज आईने बाप्तिस्मा घेतला.

दुसऱ्या कुणाकडून कळून तू आकांडतांडव करण्यापेक्षा मीच कळवते. कुणी बळजबरी केली नाही. आम्ही विश्वासी लोक शपथ घेत नाही, नाहीतर शपथेवर सांगितलं असतं. झालं ते असं. एक दिवस वाचन संपल्यावर मी तिला सरळ विचारलं, "आई, बाप्तिस्मा घेशील का?" मग म्हणाली, "घेतला म्हंजे तुझं समाधान हुईल?" मी म्हटलं, माझ्या समाधानाचा प्रश्न नाही आई, तुझ्या आत्म्याचा आहे. तर म्हणाली, "बरं. घिऊ की मग." मी पायात चप्पल न घालता पास्टरांच्या घरी पळत गेले.

पास्टर घरी येऊन तिच्याशी बोलले. "आई, तुम्हाला मनापासून वाटतंय ना?" असं विचारलं. मीच म्हटलं, "वाटतंय म्हणाली की माझ्याशी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती काही बोलली नाही. पण नाही तर म्हणाली नाही!

उपासनेच्या हॉलच्या मागे, खाली, मंडळीचा हौद आहे. पाणी गार लागू नये म्हणून मी बंबातलं कढत पाणी बादल्या भरभरून त्यात ओतलं. दाजी आणि पास्टरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट आत उतरवलं. तिने डाव्या हाताने माझा पदर घट्ट धरला होता, तो सोडवावा लागला. पास्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, विश्वास धरता का, आणि तिने स्वतःच्या तोंडाने "व्हय" म्हटलं. पाण्यातून वर काढली तेव्हा ती थरथरत होती आणि मी रडत होते. सगळी मंडळी गात होती. असा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

आबांना काय वाटलं असतं, हे तू लिहिशील. मला माहीत आहे. त्यांच्या बापाने त्यांना आपल्याबरोबर धम्मदीक्षेला नेलं होतं, ही गोष्ट मीही तुझ्याइतक्याच वेळा ऐकली आहे. ते आपल्या बापामागून गेले, मला ज्याने हाक मारली त्याच्यामागून मी गेले, आणि आता आईही आली. तुझ्यासाठीही मी प्रार्थना करते. रागावू नकोस.

आक्का


कोल्हापूर
१४ मार्च १९९९

संघर्षा,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड टाकलंस, म्हणजे ते आधी पोस्टमनने वाचलं, मग घरमालकाने, आणि मग मी. "बहीण गेली होतीच, आता आईही मेली असं समजतो." असं लिहिताना तुझा हात झडला नाही?

मला काय बोलायचं ते बोल. मी तुझ्यापेक्षा मोठी आहे आणि माझी पाठ निबर आहे. पण ती बाई दिवसातून चारदा विचारते, "बाळ्याचं काय कळलं का ग?" आणि मी सांगते की कंपनीत काम वाढलंय, रजा मिळत नाही. कार्ड तिला वाचून दाखवलं नाही. खोटं बोलणं पाप आहे, हे मला कुणी शिकवायला नको. रोज बोलते आणि रोज क्षमा मागते.

परवा म्हणाली, "मी बुडी मारल्याली त्येला कळलंय का?" मी म्हटलं, हो, मीच कळवलं. त्या दिवशी पेज निम्मीच खाल्ली. आता वाटतं, पत्र लिहायची मला एवढी काय हौस आली होती?

तुला राग माझा आहे. तिला का शिक्षा देतोस? ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस, पण येऊन तिच्या डोळ्यांसमोर उभा राहा.

आक्का


कोल्हापूर
६ एप्रिल १९९९

संघर्षा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता फाडायचं नाही.

परवा ईस्टर झाला. आमच्याकडे उपासनेत साक्ष देतात. म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सगळ्यांना सांगायचं. त्या दिवशी नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांचा मान असतो. आई पुढे खुर्चीत बसली होती. मी तिला चांगली साडी नेसवली होती, केस विंचरून अंबाडा घातला होता. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि मला ते आवडत होतं, हेही लिहूनच टाकते. पास्टरांनी माईक तिच्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "आई, दोन शब्द बोला."

आई म्हणाली, "माझी पोरगी माझं लई करती. तिला बरं वाटावं म्हून मी बुडी मारली. तुमचा येशू वंगाळ न्हाय, चांगला हाय. माज्या जावयाला त्येनं माणसात आणलं. पर मी बाबासायबाची हाय. मला माज्या मालकाच्या वाटंनं जायाचं हाय. आन माजा ल्योक येत न्हाय, त्येला कुनीतरी सांगा, मी बाटली न्हाय म्हनावं."

बुडीच्या वाक्याला लोक हसले. म्हातारी माणसं बोलतात तसं काहीतरी बोलते आहे, असं त्यांना वाटलं. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी काय केलं विचारशील. मी उठले आणि जिना उतरून रस्त्यावर गेले. आईला तिथं खुर्चीत तशीच सोडून. दाजी तिला उचलून घरी घेऊन आले. मी भाजी मंडईपर्यंत चालत गेले होते आणि काही न घेता परत आले.

संध्याकाळी पास्टर घरी आले. मला वाटलं आता समजूत काढतील, नाहीतर आईला समजावतील. ते आईच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलं, उत्तर तुमच्या लेकीनं दिलं आणि मी ते घेतलं. माझी चूक तिच्यापेक्षा मोठी आहे." आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ. पानी कोमट हुतं." मग पास्टरांनी जाताना मला विचारलं, "तुमच्या भावाला तुम्ही कळवलं होतंत ना? आता हेही कळवा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

म्हणून कळवते आहे. आईने धर्म बदलला नाही. ती बदलली असं मी ठरवलं आणि तुला डांगोरा पिटून सांगितलं. माझ्या त्या पत्रामुळे तिचा मुलगा तुटला. मला लाज वाटते. बायका काय म्हणतील याची होती, ती दोन दिवसांत गेली. तिच्यापुढे बसायची लाज वाटते, ती जात नाही. ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते, त्याने आणखी वाटते.

फोटो ट्रंकेतून काढून तिच्या समोर लावला आहे. जागा होती.

जयंतीला ये. तिला घेऊन जायचं असेल तर घेऊन जा. मी अडवणार नाही.

आक्का


कोल्हापूर
२ मे १९९९

संघर्षा,

तू आलास, आईला नेलंस. पोचल्याचा फोन शिवानीने केला म्हणून कळलं.

तू दाजींशी बोललास, माझ्याशी नाही. चहा घेतलास, तोही उभ्याने. ठीक आहे, मी एवढंही धरून चालले नव्हते. तुला बघून आईने डाव्या हाताने तुझा कान पकडला आणि सोडेचना, ते बघून मी मागे बंबाजवळ जाऊन बसले. जयंतीला तू तिला खुर्चीत बसवून मिरवणूक दाखवायला घेऊन गेलास. ती पांढरी साडी आदल्या दिवशी मीच धुऊन इस्त्री केली होती. मी फाटकाशी उभी होते. तुझं लक्ष नव्हतं, तिचं होतं. तिने मान हलवली.

आता कामाचं. जाताना घाईत सांगायचं राहिलं. तिला कुशीवर वळवताना उजव्या दंडाला धरून ओढू नका, खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून वळवा. दिवसातून चार-पाचदा कूस बदला, नाहीतर पाठ फुटेल. पाणी कोपराने बघा, हाताला बरं वाटतं ते तिला कढत लागतं. उजव्या बाजूला तिला चटका कळत नाही. पुसल्यावर मांड्यांच्या सांध्यात पावडर लावा. पेज पातळ नको, ठसका लागतो. ओलं झालं तर सांगायला लाजते, तुम्हीच मधूनमधून हात लावून बघा. शिवानीने बालवाडीची नोकरी सांभाळून हे सगळं अंगावर घेतलं, तिचे उपकार मी विसरणार नाही.

अजून काही राहिलं नाही. सगळं लिहिलं.

आक्का


कोल्हापूर
३० मे १९९९

संघर्षा,

सगळं लिहिलं नव्हतं.

काल शिवानीचा फोन आला. म्हणाली, "आक्का, आईंना धुवायला घेतलं की त्या आधी काहीतरी पुटपुटतात. घाबरल्यासारखं करतात आणि एकच शब्द दोन-तीनदा म्हणतात. काय म्हणतात कळत नाही, ह्यांनाही कळत नाही. डॉक्टरांना दाखवू का?" मी म्हटलं, वयाने होतं तसं, दाखवायची गरज नाही. फोन ठेवला. शालूबाईंनी दिलेलं पाणी तसंच ठेवून घरी आले.

तो शब्द "आमेन" आहे.

का म्हणते ते सांगते. मी तुला लिहिलं होतं की पाणी तापेपर्यंत वाचन, मग प्रार्थना, मग धुणं. सुरुवातीला ते खरंच तसंच होतं. सकाळी तिचं सगळं ओलं असायचं, घाण असायची, पण पाणी तापलेलं नसायचं, म्हणून तेवढ्यात वाचायचं. मग मला वाचनाची गोडी लागली. ती ऐकतेय, तिचं मन मऊ होतंय, असं वाटायचं. पाणी तापून बंब वाफा सोडत असायचा आणि मी अध्याय पुरा करत असायचे. ती म्हणायची, "धू की ग." मी म्हणायचे, "एवढं संपू दे आई, मधे तोडू नये." मग प्रार्थना. मी प्रार्थना लांब करते, मंडळीतसुद्धा मला त्यावरून हसतात. तोवर ती त्या ओल्यात पडून असायची.

जानेवारीत केव्हातरी ती माझ्या प्रार्थनेच्या मधेच "आमेन" म्हणाली. मोठ्याने. मी हरखले. डोळे उघडले, तिला जवळ घेतलं आणि लगेच धुवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग ती रोज म्हणू लागली, दिवसेंदिवस लवकर. मी हे मंडळीत उभं राहून साक्ष म्हणून सांगितलं, की माझी आई आता आपणहून आमेन म्हणते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याची उपासना असते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीत आपण एकमेकांचे धुवायचे. बायका घरून टाचा घासून, पाय चकचकीत करून येतात. या वर्षी धुण्याचा मान मला होता. त्या सकाळी आईच्या खाटेपाशी बसून मी तोच प्रसंग वाचत होते. तिचं पातळ खालून पार भिजलं होतं, वास येत होता, आणि मी तिला येशूने पाय कसे धुतले ते वाचून दाखवत होते. ती म्हणाली, "आमेन, आमेन, आमेन." मी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "थांब ग, आलंच संपत." संध्याकाळी मी शालूबाईंचे स्वच्छ पाय कोमट पाण्याने धुतले, नव्या टॉवेलने पुसले आणि सगळ्यांसमोर रडले. लोकांना वाटलं, हिच्या अंगी किती नम्रता आहे.

आणि ईस्टरला माईकवर आई आणखी एक वाक्य बोलली होती, ते मी तुला लिहिलं नाही. "तिला बरं वाटावं म्हून बुडी मारली," याच्या पुढचं. ती म्हणाली, "आन वाटलं, बुडी मारली म्हंजे रोज लवकर धुईल." ते ऐकून मी जिना उतरले. बाबासाहेबांचं नाव तिने घेतलं तेव्हा मी दाराबाहेर होते. ते मला दाजींनी नंतर सांगितलं.

पास्टरांनी हे ऐकलं होतं. मंडळीने ऐकलं होतं. तेवढं तुझ्यापासून लपवलं. तुझ्यापुढे बरी बहीण म्हणून उरावं, अशी हाव अजून होती.

मी येशूला सोडलेलं नाही, संघर्षा. दाजी सकाळी माझ्या शेजारी गुडघे टेकतात, मीही टेकते, पण तोंडातून शब्द निघत नाही. तो ज्यांच्याजवळ गेला त्यांना त्याने आधी हात लावला. कुष्ठरोग्याला म्हणाला नाही, आधी आमेन म्हण, मग बघू. हे मला पाठ होतं. पाठ होतं तरी मी माझ्या आईला घाणीत ठेवून त्याचं नाव वाचत बसले, आणि त्याच्या नावाचा शब्द तिच्या तोंडात असा बसवला की आता तुझ्या घरी, तुझ्या बायकोच्या हाताखाली ती घाबरून तो म्हणते. तुला राग येईल. येऊ दे. या वेळी कार्ड टाकलंस तरी चालेल, सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

फक्त तिला डॉक्टरांकडे नेऊ नका, तिला काही झालेलं नाही. आणि ती तो शब्द म्हणेल तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. त्यात माझा देवही नाही आणि तुझ्या धर्माशी भांडणही नाही. आता मला धुवा, एवढंच ती म्हणते. म्हणून शिवानीला सांग, पाणी आधी तापवून ठेव, आणि आईने तोंड उघडायच्या आत धुवायला घे.

आक्का